पाहिलं ते खरं, कारण मात्र तपासा

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. एमआयडीसीलगतच्या वसाहतींत गाड्यांच्या टपांवर, रस्त्यांवर हिरवट डाग दिसले आणि दुपारपर्यंत त्याची अर्धा डझन कारणं गावभर झाली. सर्वांत लोकप्रिय ठरली ती आम्लवर्षा. आता आम्लवर्षेला रंग नसतो. ती साध्या पावसासारखीच दिसते आणि लिटमस लावल्याशिवाय ओळखू येत नाही. पण हिरवे डाग खरे होते आणि रंग-रसायनांचे कारखाने हाकेच्या अंतरावर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना दखल घ्यावी लागली. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा पहिल्या तासापासून प्रत्येकाच्या तोंडी ‘बॉयलर फुटला’ हेच वाक्य होतं. पुढे चौकशीत रिॲक्टरचं नाव आलं. काचा मात्र ज्यांच्या फुटल्या त्यांच्या फुटल्याच होत्या.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात तंत्रज्ञान, सॉफ्टवेअर, संगीत आणि विज्ञानाच्या बातम्यांवर चालता-बोलता जी मतं दिली जातात, ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की हाच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. काय घडतंय हे लोक बहुधा बरोबर सांगतात. का घडतंय हे सांगताना घसरतात. आणि ज्यांचं कामच ‘का’ सांगण्याचं असतं, ते अधिकारी आणि तज्ज्ञ लोकांचं कारण चुकलं एवढ्या भांडवलावर त्यांनी पाहिलेलंही मोडीत काढतात. माझ्या मते या दुसऱ्या चुकीने पहिल्यापेक्षा जास्त नुकसान केलं आहे.

मतं देण्याची इथे जुनी परंपरा आहे. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. रेल्वे आणि वर्तमानपत्र दोन्ही शेजारी असल्यावर माणूस गप्प बसेल कसा? पण आज मतांचा खरा कारखाना म्हणजे लोकल, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर, विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. त्या दिवशी चौघांचा जीव गेला. संध्याकाळ व्हायच्या आत रेल्वे मंत्रालयाने जाहीर केलं की नव्या लोकल स्वयंचलित दारांच्याच येतील आणि जुन्यांनाही तशी दारं बसवली जातील. वाहिन्यांवर लगेच ‘दारं बंद, प्रश्न मिटला’ असा सूर लागला. डब्यात वेगळंच चाललं होतं.

“अहो काका, दार लावलं तर आत गुदमरून मरू.”

“लावतील तेव्हा ना. डोंबिवलीला दार लागणारच नाही, गाडी हलणार कशी?”

या दोन वाक्यांत स्वयंचलित दारांचे दोन मुख्य अडथळे जसेच्या तसे आले आहेत. बिगरवातानुकूलित डब्यात हवा मुख्यतः दारांतून येते. ती बंद केली की गर्दीच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उकाड्याने माणसं भोवळून पडतात. दुसरं असं की दार पूर्ण मिटल्याचा संकेत मिळेपर्यंत अशी गाडी सुटत नाही. पायरीवर एक पाय जरी बाहेर असला तरी मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. मंत्रालयाने नव्या डब्यांचा जो आराखडा सांगितला, त्यात हवेसाठी झडपांची दारं, छतावर बाहेरची हवा आत घेणारे पंखे आणि गर्दी विभागली जावी म्हणून डब्याडब्यांना जोडणारी वाट, असे तीन बदल होते. म्हणजे पहिला आक्षेप सरळ मान्य झाला आणि दुसऱ्यावर अर्धा उपाय निघाला. सीमेन्सचे पांढरे-जांभळे डबे २००७ पासून आले, तेव्हाच छतावरून हवा खेळवण्याची गरज रेल्वेने ओळखली होती. तेव्हा डब्यातले काका काही अडाणीपणाने बोलत नव्हते.

हेच काका पुढच्या स्टेशनवर म्हणाले की हे सगळं एसी लोकल खपवण्यासाठी चाललंय. इथे ते घसरले. गाड्या का वाढत नाहीत याचं उत्तर रुळांत आहे. कल्याणला कर्जत आणि कसारा या दोन्ही दिशांच्या उपनगरी आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकत्र येतात. ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू व्हायलाच फेब्रुवारी २०२२ उजाडला. कळवा-ऐरोली उन्नत जोडमार्ग अजून रखडलेला आहे. तो झाला असता तर नवी मुंबईला जाणाऱ्या डोंबिवलीकरांना ठाण्याच्या पुलावर चेंगरून घ्यावं लागलं नसतं. पण कारस्थानाची कहाणी सांगायला सोपी आणि ऐकायला खमंग असते. मार्गिकांचं गणित तसं नसतं.

एसी लोकलबाबतही लोकांचं म्हणणं नेमकं उलटं ऐकलं गेलं. मध्य रेल्वेवर ती ठाण्याच्या ट्रान्स-हार्बर मार्गावर ३० जानेवारी २०२० ला आली आणि मुख्य मार्गावर त्याच वर्षी १७ डिसेंबरला. मे २०२२ मध्ये तिकीट निम्म्याने उतरलं आणि गर्दी वाढली. मग ऑगस्टमध्ये कळवा कारशेडपाशी आणि बदलापूरला लोकांनी गाड्या अडवल्या. बाहेर बातमी गेली ती ‘प्रवाशांना एसी नको’ अशी. कुणालाच थंड हवा नको नव्हती. नेहमीच्या साध्या गाडीच्या जागी, त्याच वेळेला एसी गाडी आली होती आणि तिचा पास परवडत नव्हता. रेल्वेने दहा फेऱ्या मागे घेतल्या त्या २५ ऑगस्टपासून.

वीज मीटरचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण त्यात पाहण्यासारखं कमी आणि ओरडण्यासारखं जास्त आहे. नवा मीटर बसला आणि बिल वाढलं. बिलाचा कागद हातात आहे, वाढ खरीच. कारण मात्र ‘मीटर पळतो’ इतकंच सांगितलं जातं. बिल वाढायला उन्हाळ्यातला एसी, जास्त दिवसांचं वाचन किंवा १०० युनिटनंतरचा चढा दर यांपैकी काहीही पुरतं. तो चढा दर १०० च्या पुढच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही, हे सोसायटीच्या बैठकीत कितीदाही सांगा, पटत नाही. पण कंपनीच्या खिडकीवर ‘मीटर बरोबर आहे, बिल भरा’ एवढंच उत्तर मिळणार असेल तर माणसं कारणं स्वतःच शोधणार. शुल्क भरून मीटर तपासून घेता येतो हे खिडकीने आपणहून सांगितलं, तर निम्मी बैठक घरी जाईल.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटांवर सकाळी उभं राहिलात तर सॉफ्टवेअरवरची मतं फुकट मिळतात. ऐरोली, घणसोली, रबाळेकडे जाणारी ती गर्दी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून तिथला एकच विषय: एआय नोकऱ्या खाणार. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं आणि फलाटावर ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ सुरू झालं. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी सांगितलं की एआयमुळे नव्हे, कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही म्हणून. यात फलाट पूर्ण चूक आणि कंपनी पूर्ण बरोबर असं मला वाटत नाही. दहा-पंधरा वर्षं काम केलेली, माणसं सांभाळणारी मधली फळी पातळ होते आहे, हे तिथे रोज उभ्या राहणाऱ्याला दिसतं. त्यात एआयचा वाटा किती, मंदावलेल्या मागणीचा किती आणि ताळेबंदाचा किती, हे त्याला तिथून दिसू शकत नाही. शेअर बाजाराकडे तोंड करून बोलणाऱ्या माणसाकडूनही ते सरळ कळेल असं नाही.

आता संगीत. इथे मला थांबायचं आहे, कारण कानाने दिलेलं मत डोळ्याने दिलेल्या मतापेक्षा अधिक पक्कं असतं आणि त्याची टवाळीही अधिक होते.

ठाण्यात पंडित राम मराठे यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. कल्याणात गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ होतो. डोंबिवलीत दर दोन गल्ल्यांआड गाण्याचा क्लास आहे. या क्लासांत आज तंबोरा क्वचितच दिसतो. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, पुढे तो खोक्यातून मोबाइलच्या ॲपमध्ये शिरला, आणि वन-आरकेच्या घरात जागा कुठून आणायची हा प्रश्न सुटला. लोकलमधून तंबोरा नेऊन दाखवा, मग यंत्राला नावं ठेवा. तरीही प्रत्येक जुना गवई म्हणतोच की यंत्रात जीव नाही. तरुण विद्यार्थी हसतात. पण म्हाताऱ्याच्या कानाला जे जाणवतं ते मोजता येतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या वाकाला अलगद घासत राहते आणि एका सुरातून वरच्या सुरांची रांग उमलते. ती रांग प्रत्येक छेडीत जराशी वेगळी असते. बोट कुठे लागलं, हवा किती दमट आहे, शेजारची तार अजून किती वाजतेय, यावर ती ठरते. यंत्रात बहुधा तोच ध्वनिमुद्रित तुकडा फिरत राहतो. चौथ्या फेरीला कान त्याला ओळखतो आणि ऐकणं सोडून देतो. म्हणजे ‘जीव नाही’ हे निरीक्षण बरोबर. ‘विजेवर चालतं म्हणून’ हे त्याचं कारण चूक. उद्या प्रत्येक छेड वेगळी वाजवणारं यंत्र आलं तर गवयाचा आक्षेप बराचसा गळून पडेल. तो कबूल करील की नाही हा वेगळा भाग. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीत मींड निघत नाही हे निरीक्षण अगदी खरं होतं. म्हणून पेटी परकी आणि त्याज्य, हा निष्कर्ष गवयांनीच आपल्या मैफलींत पेटी घेऊन खोटा पाडला.

‘हल्लीच्या गाण्यांत दम नाही, नुसता गोंगाट’ हेही असंच. यातला गोंगाट मोजलेला आहे. सीडीच्या काळापासून ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून सगळं गाणं सारखंच मोठं करण्याची चढाओढ लागली. अंतर असं दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. स्पॉटिफायसारख्या सेवा आता सगळी गाणी जवळपास एकाच पातळीला आणून ऐकवतात, त्यामुळे चढाओढीचा फायदा आटला, पण सवय राहिली. गाण्याला नावं ठेवणारे हे ग्राहक स्वतः ते ऐकतात मात्र धडधडत्या लोकलमध्ये, कानात स्वस्त इअरफोन घालून. तिथे जुन्या भावगीतातली हळुवार जागा रुळांच्या खडखडाटात बुडून जाते आणि दाबून सपाट केलेलं गाणंच नीट ऐकू येतं. दोष संगीतकाराच्या पिढीवर ढकलला जातो, पण ऐकण्याची जागा आपणच बदलली आहे.

डीजेच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तक्रारदाराच्या बाजूचा आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने त्यावर सविस्तर निकाल दिला. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ७५ म्हणजे ५५ पेक्षा थोडंसं जास्त, असा मंडळांचा हिशेब असतो. डेसिबलची मोजपट्टी दहा-दहाच्या पायऱ्यांनी दहापटींत वाढते, म्हणजे वीस डेसिबलचा फरक ध्वनीच्या ऊर्जेत शंभरपट. याहून महत्त्वाची गोष्ट क्वचितच बोलली जाते. तक्रारदार म्हणतो, “साहेब, छाती हादरते, खिडक्या थरथरतात.” अधिकारी मीटर धरतो आणि म्हणतो, आकडा काही फार नाही. दोघंही खरं बोलत असतात. नियमातलं माप माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार बेतलेलं आहे आणि त्यात खर्जातल्या आवाजाचं वजन मुद्दाम कमी धरतात. ६३ हर्ट्झच्या दणक्यातून ते सुमारे २६ डेसिबल वजा करतं. नेमका तोच दणका भिंतींतून आरपार जातो आणि छातीला बसतो. तक्रारदाराच्या छातीने मीटरपेक्षा बरोबर मोजलं होतं आणि पंचनाम्यात मात्र मीटरचा आकडा गेला.

एआयच्या आवाजांवर मतं दोन टोकांची आहेत: ‘ओळखूच येत नाही’ आणि ‘भावच नाही’. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’साठी दोन दिवंगत गायकांचे आवाज त्यांच्या कुटुंबीयांच्या परवानगीने यंत्राकडून उभे केले. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीविना नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसं संरक्षण मिळालं. न्यायालयाने ‘भाव’ मोजला नाही, मालकी पाहिली, आणि ते योग्यच झालं. मी ऐकलेल्या मराठी नमुन्यांत तरी यंत्र ‘ळ’ला अडखळत होतं, पण त्यावर कुणी विसंबून राहू नये. ते लवकरच शिकेल.

विज्ञानाच्या बातम्यांकडे वळलं की २१ सप्टेंबर १९९५ ला पर्याय नाही. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्याला आणि आपल्या पट्ट्यातही देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी व्हायचं. हे हजारोंनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते खोटं नव्हतं. काठोकाठ भरलेल्या चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ओघळ दिसला. मला त्या दिवसाच्या भक्तांपेक्षा ‘सगळे भ्रमिष्ट झालेत’ म्हणणारे सुशिक्षित अधिक खटकतात. भ्रम कुणालाच झाला नव्हता.

फॉरवर्डचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि माझं आतापर्यंतचं म्हणणं तिथे लागू पडत नाही. त्यात ‘काय’ हेच उसनं असतं, कुणी पाहिलेलंच नसतं. आज रात्री वैश्विक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा. दोन हजारांच्या नोटेत चिप आहे. दिवाळीच्या रात्रीचं नासाने टिपलेलं भारताचं छायाचित्र, जे प्रत्यक्षात अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी वेगवेगळ्या रंगांत एकत्र करून बनवलेलं आहे. सूर्य लांब गेल्यामुळे यंदा थंडी वाढणार. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला, आणि फरक फक्त तीन टक्क्यांच्या आसपास असतो. ४३२ हर्ट्झचं संगीत रोग बरे करतं हे त्यांतलं मला सर्वांत विनोदी वाटतं. पाश्चात्त्य वाद्यांसाठी ४४० हा ठरीव सूर आहे, म्हणून तिकडे वाद होऊ शकतो. आपल्याकडे कुणाचा षड्ज काळी एक, कुणाचा काळी पाच. गळा सांगेल तिथे ‘सा’ लावायचा. डोंबिवलीच्या क्लासमधली दहा वर्षांची पोरगी या फॉरवर्डचा निकाल लावू शकते, पण तिला कुणी विचारत नाही. हा उसनेपणा हसण्यावारी नेण्यासारखा नेहमीच नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच गप्पांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

आकाशाच्या बाबतीत आपला पट्टा सुदैवी आहे. ठाण्याचे दा. कृ. सोमण वर्षानुवर्षं पंचांग आणि खगोल दोन्ही सोप्या मराठीत सांगत आले आहेत, आणि कल्याणचं आकाश मित्र मंडळ दुर्बीण घेऊन लोकांत जातं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ उतरलं तेव्हा घरी परतणाऱ्या गाड्या भरलेल्या होत्या आणि डब्याडब्यांत टाळ्या पडल्या. त्यानंतर आठवडाभर ते यान सिनेमापेक्षा किती स्वस्त पडलं याचाच हिशेब चालला. ते उतरलं कसं, हे विचारणारे मोजके होते.

फॉरवर्डवर माझा उतारा एकच: ज्याचं ‘काय’ स्वतः पाहता येतं ते पाहावं. मेच्या मध्याला एक दिवस असा येतो की आपल्याकडे सूर्य भर माथ्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. जुलैअखेरही येतो, पण तेव्हा ढग असतात. यंदा गच्चीवर सपाट जागी सरळ उभी बाटली ठेवा, साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान पाहत राहा, सावली कधी गेली ती वेळ लिहा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. कल्याणच्या मेहुण्याची आणि ठाण्याच्या तुमची वेळ जुळली नाही तर वाद घालू नका. कल्याणला सूर्य ठाण्याच्या सुमारे अर्धा मिनिट आधी माथ्यावर येतो.